तांबूचं लोढणं

आश्विन १९६१,
दसऱ्याच्या आधीचा आठवडा

प्रिय बाय,

तांबू आपल्याकडे आहे. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. गोठ्यात तिच्या जुन्याच खुंटाला बांधलीय. बांधलीय म्हणजे काय, दावं नुसतं खुंटावर टाकलंय. ती कुठे जात नाही. तुझ्या घरात तिच्यावरून काय चाललं असेल ते मला इथून दिसतंय. भावोजी गप्प, तुझे मामंजी पडवीत फेऱ्या घालतायत आणि तू चुलीपुढे बसून, काहीच ऐकू येत नसल्यासारखी फुंकणी फुंकतेयस. इथेही तेच आहे, फक्त चुलीपुढे मी आहे. आई गेल्यापासून चूल माझ्याकडेच आली. शेजारची हौसाबाई गडग्याच्या दगडी भिंतीवरून मान काढून रोज विचारते, "बी. ए. झालंस तां बरां, पण पेज शिजवूक शिकयली मां रे कोल्हापुराक?" मी म्हणतो, तो पेपर राहिलाय.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. इथे दिलेली तुमची आनंदी माहेरपणाला तुमच्या वाडीत जातेय, तिच्या हाती देतोय. म्हणजे ते तुझ्याच हातात पडेल आणि पडवीत मोठ्याने वाचलं जाणार नाही. मी काय लिहायला बसलो आणि काय लिहितोय, याचा मलाच पत्ता नाही. वाडीने मला एक गोष्ट लिहायला सांगितलीय. बाबांनी दुसरीच सांगितलीय. म्हणजे त्यांनी सांगितली की नाही, तेच मला नीट कळलेलं नाही. आणि माझं स्वतःचं काय म्हणणं आहे ते विचारशील तर, सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरं.

दोन्ही वाड्यांमधल्या सड्याच्या माळाची मोजणी झाली, हे तुला कळलंच असेल. भावोजी होतेच तिथे. पण बायकांना कोणी वर येऊ दिलं नाही, आणि भावोजींनी तुला कितपत सांगितलं असेल याची शंकाच आहे, म्हणून मी सांगतो. पण ते सांगायचं तर आधी कोंडवाड्याचं सांगावं लागतं, आणि कोंडवाड्याचं सांगायचं तर त्याआधीचं. प्रत्येक गोष्टीच्या आधी आणखी एक गोष्ट उभी आहे.

लहानपणी बाबांची पाळी असली की आपण दोघं त्यांच्यामागून सड्यावर जायचो, आठवतं? पावसाळाभर खाली शेतात भात उभं, म्हणून अख्ख्या वाडीची गुरं वर, आणि रोज एका घराने ती राखायची. पलीकडून तुमच्या वाडीची गुरं अशीच वर यायची. दुपारी दोन्ही कळप तळीवर. पाणी पिऊन सगळी वडाखाली बसायची, आपली-तुमची एकमेकांत मिसळून, कोण कुठलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. राखणारे दोघे भाकऱ्या सोडायचे, आणि रीत अशी की आपली भाकरी त्याने खायची, त्याची आपण. बाबा म्हणायचे, म्हणून तर कोणाच्या घरात काय चाललंय ते सड्यावर कळतं. ज्याच्या घरची भाकरी नुसत्या मिठाबरोबर आली, त्याच्या वाट्याची पाळी पुढच्या खेपेला दुसरा कोणीतरी गुपचूप करायचा. तुझे मामंजी आणि आपले बाबा किती वर्षं एकमेकांची भाकरी खात होते देव जाणे. तुझं लग्न तर तिथेच ठरलं. बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं, "चेडवाक जागो बघून इलंय," आणि आईने विचारलं, "गुरां राखूक गेल्लास की सोयरीक करूक?"

सडा कोणाचा, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता. आजोबा सांगायचे, इंग्रजांचे मोजणीवाले आले तेव्हा त्यांनी विचारला होता. दोन्ही वाड्यांनी उत्तर दिलं, देवचाराचा. वडाखालच्या त्या दगडावर नारळ फुटल्याशिवाय एकही जनावर वर चढत नाही आणि शाकारणीचं गवत एकही माणूस कापत नाही, मग सडा त्याचाच झाला की. साहेबाला देवचाराचं नाव कसं लिहायचं ते कळेना, म्हणून त्याने गुरचरण लिहिलं आणि घोड्यावर बसून गेला. नंतर कधी घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन उतरायचे, तेही आधी नारळ ठेवायचे, मग आपल्या भाताच्या कुणग्यांत मेंढरं बसवायचे. लेंड्या आपल्याला, चारा त्यांना. कोणी कोणाला अडवल्याचं आजोबांनाही आठवत नव्हतं.

कोल्हापूरला आम्हाला एक प्रोफेसर शिकवायचे की विलायतेत गावोगावची चराऊ रानं पूर्वी सगळ्यांची होती, मग जमीनदारांनी त्यांना कुंपणं घातली आणि गरिबांच्या गायी रस्त्यावर आल्या. मी ते पाठ करून परीक्षेत लिहिलं, मार्कही चांगले पडले. तेव्हा आपला सडा माझ्या डोळ्यांपुढे एकदाही आला नाही. आता आलाय, पण आता मला तिथला जमीनदार सापडत नाही. इथे कुंपण घालणारे तुझे सासरे आहेत, ज्यांनी मला खांद्यावर बसवून तळीत पोहायला शिकवलं. आणि त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. सरकारने काजूची रोपं फुकट दिली, सांगितलं की ओसाड पडलेली जागा लावा. सडा ओसाड आहे हे कोणीतरी कचेरीत बसून ठरवलं, आणि तुमच्या पंचायतीने मान डोलावली. आपल्या पंचायतीला आधी विचारलं असतं तर आपणही डोलावली असती. आपल्या वाडीच्या दत्तारामकाकांना राग आहे तो काजू लावल्याचा नाही. आपल्याआधी लावल्याचा आहे.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो कोंडवाडा. काट्यांचं कुंपण मोडून आपली गुरं आत शिरली, रोपं खाल्ली, हे खरं. गुरांना काय माहीत, काल जिथे चरलो तिथे आज काटे का. पण तुझ्या मामंजींनी आपल्या बैलाला, पांढऱ्याला, दोरीने ओढत मालवणच्या कोंडवाड्यात नेऊन घातलं. आपल्याच व्याह्याचा बैल. बाबा त्याला सोडवायला गेले तेव्हा मी सोबत होतो. बैलापुढे पाणी नव्हतं. परत येताना बाबा वाटेत प्रत्येक विहिरीवर थांबून त्याला पाणी दाखवत होते, त्याची तहान कधीच भागलेली असूनसुद्धा. त्या दिवसापासून बाबांनी सड्यावर पाळी घेतली नाही, आणि त्या दिवसापासून तू आली नाहीस. आई गेली तेव्हा आलीस, पण एस्टीने, मालवणवरून वळसा घालून, पाहुण्यासारखी पिशवी हातात घेऊन. बाबांच्या ते मनाला लागलं. तू परत गेल्यावर ते कितीतरी वेळ मागच्या घाटीकडे, जिथून सड्याची वाट उतरते तिकडे, तोंड करून बसले होते.

आता मोजणी. मोजणीवाले साहेब देशावरचे, पातळसे, उन्हाने तापलेले. त्यांनी दोन्ही पंचायतींना कळवलं, की सडा वाटून द्यायचा, मधोमध हद्द पडेल, हद्दीवर गडगा घालायचा. पण मधोमध म्हणजे कुठे, ते ज्याची जितकी गुरं चरतात त्यावरून. म्हणून ठरल्या दिवशी आपापली गुरं सड्यावर उभी करा. आता सांग, हे ऐकल्यावर आपली माणसं काय करतील? तीच गोष्ट तुमच्या वाडीने केली. दत्तारामकाका सासुरवाडीहून गुरं घेऊन आले. वाडीतला सुतार मेव्हण्याची म्हैस घेऊन आला, ती वाटेत दोनदा बसली. ज्या बाबल्याच्या गोठ्यात दहा वर्षं नुसत्या कोंबड्या आहेत, त्याने दोन पाडे आणले आणि विचारलं तर म्हणाला, "आमचेच ते, आजोळाक वाढूक ठेवल्ले." पलीकडून तुमचा कळप चढला तेव्हा तोही असाच फुगलेला. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. मी बी. ए. म्हणून मला साहेबांसोबत फिरायला लावलं होतं, आणि मी गप्प राहिलो, कारण आपल्या वाडीची उसनी गुरं मला माहीत होती आणि तुमच्या वाडीची दिसत होती.

तळी कोणाच्या बाजूला पडणार, सगळा जीव त्यात. तळी ज्याच्याकडे, त्याची गुरं वैशाखापर्यंत वर राहतील. दुसऱ्याच्या गुरांनी काय, कातळ चाटायचा.

साहेब दिवसभर दोन्ही कळपांत फिरले. ऊन कलल्यावर म्हणाले, "सगळ्यांनी आता बाजूला व्हा. गुरांना हाकू नका. सोडून द्या." आधी कोणाला समजेना. मग दत्तारामकाकांचा चेहरा पाहिला आणि मला समजलं. गुरं उठली आणि घराकडे निघाली, आपापल्या खऱ्या घराकडे. काकांच्या सासुरवाडीची गुरं सरळ पूर्वेकडची पाणंद धरून उतरायला लागली. सुताराची म्हैस मेव्हण्याच्या गावाकडे तोंड करून पळत सुटली आणि सुतार तिच्यामागून. तुमच्याकडची उसनी चौखूर दुसऱ्याच दिशेला. दोन्ही वाड्यांतली माणसं आधी एकमेकांना हसली, मग एकमेकांबरोबर हसली. बाय, त्या घटकाभरात मला वाटलं की आता सगळं मिटलं. तुझे मामंजी आणि आपले बाबा वडाच्या दोन बाजूंना उभे होते आणि दोघांच्याही तोंडावर हसू होतं, जुनं.

मग तांबू निघाली. भावोजींनी तिला तुमच्या कळपात आणली होती आणि ती तुमच्यात शेवटची, तळीच्या काठी उभी होती. तुमचा कळप पश्चिमेला वळला. ती थोडी त्याच्यामागे गेली, थांबली, मागे वळली आणि माणसांच्या मधून, साहेबांना जवळजवळ घासून, आपल्या घाटीकडे चालायला लागली. आपल्या वाडीने आरोळीच ठोकली. साहेबांनी विचारलं, ही गाय कोणाची? इकडून दत्तारामकाका म्हणाले आमची. तिकडून तुझे मामंजी म्हणाले आमची. मग सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा पुढे आले. "गाय माझ्या चेडवाची," ते म्हणाले. साहेबांनी विचारलं, मुलगी कुठे असते? बाबांनी दोन्ही वाड्यांकडे पाहिलं, जणू खरंच ठरवायचं होतं. म्हणाले, "थयसर दिलंय. पण चेडू माझाच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. हसणं थांबलं होतं. मग त्यांनी सांगितलं की सोमवारी मी परत येतो, त्या बाईंना आणा, गाय कोणत्या बाजूची ते त्याच सांगतील. एका गायीने हद्द इकडची तिकडे सरकेल असं मला वाटत नाही, त्या साहेबांना तरी वाटतं की नाही कोण जाणे, त्यांना कदाचित नुसतं घरी जायचं असेल. पण दोन्ही वाड्यांना मात्र आता खात्री आहे की तळी तांबूच्या शेपटाला बांधलेली आहे.

तर वाडीने मला लिहायला सांगितलेलं हे. तुला आंदण दिली तेव्हा गाय द्यायची म्हणजे दूध प्यायला द्यायची, मालकी माहेरचीच, असं तू सोमवारी साहेबांना सांगावंस. दत्तारामकाका म्हणाले की तू हुशार आहेस, तुला कळेल. लिहिलं. वाचलंस. झालं. तुझ्याकडेही कोणीतरी बरोबर याच्या उलटं सांगून बसलं असेल. दोन्ही बाजूंना तुझ्याबद्दल एवढी आपुलकी एकदम कुठून आली, हे कोडं मला सुटत नाही. बाबांना काकांनी विचारलं, तुझं काय म्हणणं? ते म्हणाले, हद्द कुठेही घाला, माझं काही नाही, फक्त गडग्यात एक गाय जाईल एवढी वाट ठेवा. काका म्हणाले, मग गडगा कशाला? बाबा म्हणाले, तेच मी विचारतोय.

आता ते दुसरं. लग्नानंतर पहिल्या वर्षी तांबू सारखी पळून इथे यायची. तळीवर दोन्ही कळप एकत्र व्हायचे आणि संध्याकाळी ही आमच्याबरोबर खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिला न्यायला सड्यावरून यायचीस, आईजवळ बसायचीस, जेवायचीस, उन्हं चढायच्या आत तिला पुढे घालून जायचीस. मामंजींनी मग फणसाच्या लाकडाचं लोढणं करून तिच्या गळ्यात अडकवलं, चालताना पायांत आदळेल आणि लांब जाणार नाही म्हणून. तरी ती यायची, आणि यायची तेव्हा लोढणं गळ्यात नसायचं. आई म्हणायची, पडलं असेल वाटेत कुठेतरी. आणि आई तिला पेज पाजायची, मीठ घालून, म्हणजे पुन्हा यावी. मला वाटायचं हे फक्त आईला आणि मला माहीत आहे. तुला काय माहीत होतं, ते मी कधी विचारलं नाही.

तांबू आली त्या संध्याकाळी बाबा गोठ्यात गेले. मी कंदील धरला होता. त्यांनी तिच्या मानेवरून हात फिरवला. लोढण्याच्या दोरीने केस घासून गेलेले आहेत, गळाभर वळ आहे, म्हणजे कोंडवाड्यापासून ही दोन वर्षं ते रोज तिथे होतं. आणि त्या दिवशी नव्हतं. आता भावोजींनीच ते काढलं असेल, साहेबांपुढे गाय नीट दिसावी म्हणून, हे अगदी शक्य आहे. मी तसं बोललोसुद्धा. बाबा बराच वेळ तिची मान खाजवत राहिले. मग म्हणाले, "लोडणां आपसूक पडता काय रे? माका तेवाच ठावक होतां." म्हणजे तिकडून कोणीतरी ते काढून तिला सोडतं, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि आईला वाटत होतं आपण त्यांना फसवतोय, आणि त्यांनी आईला तसं वाटू दिलं.

मला माहीत नाही बाय, त्या सकाळी ते लोढणं कोणी काढलं. मला ते सांगूही नकोस. भावोजींनी काढलं असेल तर मी हे पत्र उगाच लिहिलं, आणि तू काढलं असशील तर लिहायची गरजच नव्हती. पण रोज सकाळी मी चूल पेटवायला उठतो तेव्हा ती आधीच पेटलेली असते, आणि बाबा गोठ्यात तांबूपुढे बसलेले असतात. हातात आईची ती कडा गेलेली टोपली आणि टोपलीत टोप, टोपात पेज. मीठ जास्त घालतात, तिला आवडतं तसं. मग घाटीकडच्या फाटकाचं बेडं उघडून ठेवतात आणि दुपारपर्यंत तिकडे बघतही नाहीत. काल मी विचारलं, गाय मी पोचवून येऊ का पलीकडे? म्हणाले, ज्याची गाय त्यानं न्यावी, ही रीत आहे. म्हणून हे लिहितोय. सोमवारी साहेबांपुढे तुला काय सांगायचंय ते सांग, काहीच सांगायचं नसेल तर नको सांगूस, तळी जाईल तिकडे जाईल. पण सोमवारच्या आधी, गडग्याचा पहिला दगड पडायच्या आधी, गाय न्यायला ये. एस्टीने नको. सड्यावरून ये.

पेजेत मीठ किती घालायचं ते अजून न कळलेला,
तुझाच
परशू